साक्षीतला बाप

साक्ष, सध्या चालू असलेली

"माझा बाप दारुडा होता."

(नव्हता.)

"रोज झिंगत घरी यायचा."

(दुकान बंद करून, कपड्यांवरचे केस झटकत यायचा.)

"कमरेचा पट्टा काढायचा आणि माझ्या आईला, माझ्या त्या गरीब माउलीला..." इथे साहेबांचा आवाज फुटतो.

(आवाज कुठे फोडायचा ते ठरलेलं आहे. 'माउली'च्या आधी फुटला तर पुढचं ऐकू जात नाही.)

"आणि एका कडाक्याच्या थंडीत माझा बाप गटारात पडून मेला."

(आत्ता तो पाळकांच्या घरी, मागच्या खोलीत वाटाणे सोलतोय.)

कंसातलं सगळं पाळकीणबाईंचं. पहिल्या रांगेत बसून त्या ते मनातल्या मनात म्हणायच्या. ओठ मिटलेले, मांडीवर पवित्र शास्त्र, चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं बाई प्रार्थनेत बुडाल्यात. नवरा वर उभा राहून बोलतोय, बायको खाली बसून खोडतेय, असा तो संसार.

या मंडळीची, म्हणजे या चर्चच्या लोकांची, एक रीत होती. कुणी साक्ष दिली, म्हणजे आपण आधी कसे होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं उचललं हे चारचौघांत सांगितलं, की त्याच्या घरातल्या कुणीतरी उठून म्हणायचं, "हे खरं आहे." बस्स, एवढंच. दोन तोंडांनी सांगितलेली गोष्ट पक्की, असा त्याला शास्त्राचा आधार काढलेला होता. घरातलं कुणी उठलं नाही तर साक्ष कच्ची. एका गवंड्याची बायको एकदा भांडणाच्या रागात बसूनच राहिली, तर त्या बिचाऱ्याला पुढे कितीतरी वर्षं कुणी साधी प्रार्थना करायलाही पुढे बोलावलं नाही.

पाळकीणबाई उठायच्या. "हे खरं आहे," म्हणायच्या. बसायच्या.

खड्डा

साहेब म्हणजे पाळकसाहेब, मंडळीचे धर्मगुरू. पण ते जन्मतः साहेब नव्हते, त्यांची घडण बघितली पाहिजे.

उपदेशक व्हायला शिकत होते तेव्हा त्यांची पहिली साक्ष अशी होती: "मी देवभीरू घरात जन्मलो. आईवडील चांगले होते. मीही चांगला मुलगा होतो. मग मी प्रभूला स्वीकारलं आणि आणखी चांगला झालो."

ऐकणाऱ्यांतला एक पेंगला. दुसरा खिडकीबाहेरचं मांजर बघत बसला. शिकवायला एक म्हातारे उपदेशक होते. त्यांच्या स्वतःच्या साक्षीत एक तुरुंग, एक सुरा आणि बऱ्याच बाया होत्या, त्यामुळे त्यांना लांबलांबून बोलावणी यायची. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या साक्षीत खड्डाच नाही. प्रभूनं तुला वर काढायचं तरी कुठून?"

साहेब कामाला लागले. आधी स्वतःसाठी खणून बघितलं. "मी गुंड होतो," म्हणाले. सभेत खसखस पिकली. डबकं दिसलं की रस्ता बदलणारा, भांग न मोडता झोपून उठणारा पोरगा, त्याला गुंड कोण मानणार? मग त्यांनी बापाला पुढे केलं. बाप लांब, दुसऱ्या गावात केस कापायचं दुकान चालवत होता. आई वारलेली. भाऊबहीण नाही. तक्रार करायला येणार कोण?

बाप प्याला, तशी सभा सावरून बसली. बापानं आईचं शिवणयंत्र विकलं, तसे डोळ्यांना रुमाल लागले. बापानं पट्टा काढला, तेव्हा एक बाई हुंदके देत पुढे आली आणि गुडघ्यांवर बसली. साहेबांना आपली वाट सापडली. बदली होईल त्या प्रत्येक गावात बाप थोडा आणखी खाली उतरला आणि लेक थोडा आणखी वर चढला.

लग्न झालं. लग्नात सासरे आले होते. इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात बसलेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मानेकडे बघून कुणाचे केस नीट कापले नाहीत ते नव्या सुनेच्या कानात सांगत होते. बाईंना ते फार आवडले. म्हणून पुढे एका रविवारी त्यांची दारू जेव्हा पहिल्यांदा कानावर आली तेव्हा वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा बाप असेल.

घरी आल्यावर विचारलं, "अहो, बाबा कधी प्यायचे?"

"अगं, ते दृष्टांतातल्या गोष्टीसारखं असतं. प्रभूनं नाही का दृष्टांत सांगितले?"

"प्रभूनं स्वतःच्या बापाबद्दल नाही सांगितले."

साहेब जेवण अर्धवट टाकून उठले. पुढच्या रविवारी बाई उठल्या आणि "हे खरं आहे" म्हणाल्या. का? राहायचं घर मंडळीचं, मान मंडळीचा, आणि माणूस तसा घरात वाईट नव्हता. शिवाय एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही. तिसऱ्यांदा तर लक्षही जात नाही.

बापाचं मरण, निरनिराळ्या प्रकारे

दारुड्या बापाची एक अडचण झाली. लोक विचारायला लागले, "मग वडिलांना आणलंत का प्रभूकडे?" नाही म्हणावं तर पंचाईत: ज्याच्याकडून घरचाच माणूस सुटला नाही तो आम्हाला काय सोडवणार? हो म्हणावं तर आणा म्हणतील, दाखवा. साहेबांनी विचार केला आणि बापाला मारलं.

पहिल्यांदा यकृतानं. पण मंडळीत एक डॉक्टर होता. उपासना संपल्यावर तो उपचारांची चौकशी करायला लागला. मग दुसऱ्या गावात बाप पुलावरून पडला. त्यात रडू येण्यासारखं काही नव्हतं, नुसतं दचकायला व्हायचं. शेवटी गटार सापडलं. गटार सगळ्यांना चाललं. वर्षं गेली तशी गटारातल्या बापाच्या मुठीत आईचा फोटो आला आणि ओठांवर लेकाचं नाव आलं.

खरा बाप दर रविवारी दुपारी फोन करायचा. "जेवलास का? आज काय सांगितलंस लोकांना?"

"तुमच्याबद्दलच बोललो, बाबा," साहेब म्हणायचे. तेवढं खरं होतं.

टॅक्सी

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले. केस कापणाऱ्याचा जन्म उभ्यानं जातो. शेजारच्यांनी फोन करून सांगितलं, आता यांना एकटं ठेवता येणार नाही. साहेब आणि बाई आणायला गेले. येताना साहेब पुढे, म्हातारा आणि बाई मागे, मध्ये हत्यारांची पेटी. कात्र्या-वस्तरे सोडून यायला म्हातारा तयार नव्हता.

"बाबा, एक सांगायचंय," साहेब मागे न वळता म्हणाले. "तिकडे तुम्ही माझे काका."

"काका? मला भाऊच नाही रे."

"होता. मी सांगितलाय."

"कोण?"

"माझे वडील."

म्हाताऱ्यानं जरा हिशोब लावला. "म्हणजे मी माझाच भाऊ?"

"तसंच समजा."

"बरं. आणि हा माझा भाऊ, तो असतो कुठे?"

"वारला."

"अरेरे," म्हातारा म्हणाला. सवयीनं निघून गेलं. मग हळूच विचारलं, "कशानं?"

टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ लावला. बाईंनी पेटीवर हात ठेवला, म्हाताऱ्यानं त्या हातावर आपला ठेवला, आणि तसेच ते घरापर्यंत आले.

पहिल्याच रविवारी म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. दारू, शिवणयंत्र, पट्टा, गटार. बाहेर पडताना मंडळीचे सेक्रेटरी त्याचा हात दाबत म्हणाले, "काका, तुमचा भाऊ म्हणजे अगदीच... आणि तुम्ही किती सज्जन! एका आईच्या पोटचे वाटत नाही."

"एकाच आईचे," म्हातारा म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही, म्हणून पुढे रविवारी तो घरीच थांबायचा.

घरी आल्यावर तो रागावला नाही. बाईंना तेच जास्त लागलं. तो फक्त वाटाणे सोलता सोलता म्हणाला, "पोरी, दारू पिणाऱ्याच्या हाती कुणी गळा देतं का गं? एवढं तरी त्यानं ध्यानात घ्यायचं. निदान मला सुतार करायचं होतं." थोड्या वेळानं म्हणाला, "घरात, दार लावून घेऊन, त्यानं मला बाबा म्हटलं तर चालेल का? रोज नको. मधूनमधून."

बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"जिभेला सवय लागते," साहेब म्हणाले. "व्यासपीठावर घसरली म्हणजे? आणि तूही काकाच म्हणत जा."

म्हणून त्या घरात म्हातारा काका होता. न्हाणीघरात काका, जेवताना काका, ताप आला तरी काका. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे चुकून खरं बोलणारंही कुणी नव्हतं.

शनिवार

साहेबांचे केस केव्हाच पिकले होते. पण पिकल्या डोक्यानं पोरक्या लेकराची गोष्ट सांगितली तर ती शोभत नाही, म्हणून शनिवारी ते काळे व्हायचे. पूर्वी बाहेर जायचे. आता घरातच कारागीर आला होता. न्हाणीघरात स्टूल, खांद्यावर जुना टॉवेल, मागे म्हातारा ब्रश घेऊन, भिंतीला टेकून उभा. आणि साहेब आरशासमोर उद्याचा सराव करायचे.

"...कमरेचा पट्टा काढायचा आणि..."

"मान खाली," म्हातारा म्हणायचा.

"...माझ्या त्या गरीब माउलीला..."

"हलू नकोस, कानाला लागेल. आणि एक सांगू? पट्टा म्हणतोस, पण मी जन्मात पट्टा घातला नाही. नाडीचा पायजमा. कुणी जुनं माणूस भेटलं तर विचारेल ना."

"काका, काम करा."

बाई दारात टॉवेल घेऊन उभ्या राहायच्या आणि बघायच्या. ज्या हातांनी पोराला मारलं म्हणून अख्खी मंडळी हळहळायची, ते हात त्याच्या कपाळावर ओघळलेला रंग करंगळीनं पुसत होते. आणि पोरगा डोळे मिटून, निवांत, त्याच हातांची क्रूरता पाठ करत होता. बाईंना कधीकधी वाटायचं, आत जावं आणि रंगाची वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावी.

म्हाताऱ्यानं मागच्या ओट्यावर खुर्ची मांडून मंडळीतल्या लोकांचे केस कापायलाही सुरुवात केली होती. कात्री चालवता चालवता तो आपल्या दिवंगत भावाची बाजू घ्यायचा. "तसा वाईट नव्हता हो. हात स्थिर होता त्याचा. पोरावर जीव होता."

"काका, तुम्ही देवमाणूस," लोक म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी भावाचा आणखी तिरस्कार करायचे.

त्यातल्याच एका शनिवारी साहेबांनी टॉवेलात गुंडाळल्या अवस्थेत घोषणा केली. उद्या सेवेचा रौप्यमहोत्सव. सगळ्या मंडळ्यांचे अध्यक्ष स्वतः येणार. विभागप्रमुख कोण, ते उद्या जाहीर होणार, आणि त्यात साहेबांचं नाव पुढे होतं. "काकांना पहिल्या रांगेत बसवायचं. बरं दिसतं."

"मी उद्या उठणार नाही," बाई म्हणाल्या.

"कुठून?"

"खुर्चीवरून. साक्ष झाल्यावर. बाबांसमोर मला ते जमायचं नाही."

"काकांसमोर."

"बाबांसमोर."

साहेब आरशातूनच बघत होते. अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं. "तू उठली नाहीस तर माझं काय होईल, माहितेय?"

"गवंड्याचं झालं ते."

"पंचवीस वर्षांची सेवा आहे!"

"पंचवीस वर्षं तुम्ही एका म्हाताऱ्याला गटारात लोळवताय. एकदा तरी बाबा म्हणा. इथे म्हणा, ह्या न्हाणीघरात. उद्या उठते मी."

सौदा स्वस्त होता. साहेबांनी तोंड उघडलं. म्हाताऱ्याच्या हातातला ब्रश थांबला.

"काका," साहेब म्हणाले, "डावीकडे जरा राहिलंय."

"भांडू नका रे," म्हातारा म्हणाला. "रंग वाळतोय."

संमती

सभागृह खच्चून भरलं होतं. मागे भिंतीला टेकून माणसं उभी. अध्यक्ष व्यासपीठावर, गळ्यात हार, चेहरा जेवण झाल्यासारखा. गायन झालं, प्रार्थना झाली, सेक्रेटरींचं भाषण नको तितकं झालं. मग साहेब उठले.

त्या दिवशी ते छान बोलले, हे बाईंनाही कबूल करावं लागलं. आवाज नेमका 'माउली'च्या नंतर फुटला. गटारात बर्फासारखं पाणी होतं. मुठीतला फोटो पोलिसांना बोटं उघडून काढावा लागला. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या आणि अध्यक्षांनी चष्मा काढला होता.

साहेब थांबले. आता घरातून एक आवाज यायचा होता.

बाई बसून राहिल्या.

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. सेक्रेटरींनी बाईंना खूण केली. बाईंनी पवित्र शास्त्राच्या कव्हरकडे बघितलं. वर साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. रुमालावर काळा डाग उमटला.

तेव्हा शेजारची खुर्ची करकरली. म्हातारा उठत होता. एक हात खुर्चीवर, एक बाईंच्या खांद्यावर, असा तो उभा राहिला. "मीही घरातलाच आहे," तो म्हणाला. बोलता बोलता लेकाकडेच बघत होता. "हे खरं आहे. तसाच होता तो. दारुडा. वाईट होता फार."

ज्याला साधं खोटं बोलता येत नव्हतं त्या माणसानं हे एका दमात म्हटलं.

बाईंनी वर बघितलं. अजून वेळ होती. साहेबांनी नुसतं म्हणायचं होतं, पुरे. नुसतं खाली यायचं होतं.

"आमेन," साहेब म्हणाले.

त्या एका शब्दानं बाईंचं डोकं फिरलं. गायनवाल्यांचा माइक जवळच होता, तो त्यांनी हिसकावून घेतला.

"बाबा, खाली बसा तुम्ही." आवाज इतका मोठा आला की त्या स्वतःच दचकल्या. "हे काका नाहीत. हे यांचे वडील आहेत. दर रविवारी ज्यांना मारलं जातं ते हेच. गटारात मेलेले हेच. आणि हे जिवंत आहेत! नीट बघून घ्या, जिवंत आहेत!"

सगळ्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या.

लोकांचा विचार करायला हवा. त्या मरणावर ते वर्षानुवर्षं रडले होते. त्या गटाराकाठी त्यांनी स्वतःची पापं कबूल केली होती, दारू सोडली होती, पोरींची लग्नं ठरवली होती. आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते: एकतर आपला पाळक थापाड्या, नाहीतर प्रभूनं मेलेला उठवला. दोन्हींतला सोपा त्यांनी धरला.

"मेलेला बाप उठला!" मागून एक बाई किंचाळली. "हालेलुया!"

"हालेलुया!" भिंतीपासचे लोक म्हणाले. मग मधले. मग अध्यक्षांनी इकडेतिकडे बघून हात वर केले.

"अहो, नाही!" बाई माइकमध्ये ओरडत होत्या. "उठले नाहीत! मेलेच नव्हते!" पण सेक्रेटरी गुडघ्यांवर बसताना वायर त्यांच्या पायात आली होती आणि माइक बंद पडला होता.

साहेब नवरा-बायकोत असते तशा नजरेनं क्षणभर बाईंकडे बघत राहिले. मग पायऱ्या उतरून खाली आले, म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकले आणि म्हणाले, "बाबा!"

आवाज फुटला. ठरलेल्या जागी नव्हे, आणि चांगला चिरकला. बाईंना आजही सांगता येत नाही तो खरा होता की कसा. त्यांना एवढंच दिसलं की साहेबांच्या हातातला माइक चालू होता आणि तो तोंडापासून हलला नव्हता.

नंतर

विभागप्रमुख म्हणून साहेबांचं नाव जाहीर झालं; ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याभोवती झुंबड उडाली होती. आया पोरं पुढे करत होत्या. एकानं आपला अधू पाय त्याच्या हाताला लावला. म्हातारा गोंधळून ज्याच्या-त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होता, आणि सवयीनं बोटांत केसांची बट धरून लांबी बघत होता.

बाई गर्दीतून घुसल्या. "चला बाबा. घरी चला. तुमची पेटी घेऊ आणि तुमच्या गावाला जाऊ. मी येते तुमच्याबरोबर. मी बघीन तुमचं."

"थांब गं पोरी." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "ऐकलंस ना? बाबा म्हणाला."

"लोकांसाठी म्हणाला."

"असेना. म्हणाला ना?"

"उद्या तुम्हाला पुढे उभं करून मेल्यावर कसं वाटतं ते सांगायला लावतील! काय सांगणार आहात?"

म्हातारा विचारात पडला. "तो सांगेल काय सांगायचं ते," तो म्हणाला. "त्याला चांगलं सुचतं. लहानपणापासून."

माइकवरून हाक आली, "बाबा, वर या ना." आणि म्हातारा निघाला. लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच नेलं. बाईंचा हात कधी सुटला ते त्याला कळलंही नाही.

बाई उलट्या दिशेनं, धक्के खात, बाहेर आवारात आल्या. तिथं उशिरा आलेली एक बाई चपला काढत होती. तिनं त्यांना ओळखलं आणि दोन्ही हात धरले.

"पाळकीणबाई, खरं का हो? तुमचे सासरे उठले?"

"खोटं आहे, बाई. सगळं खोटं आहे. पहिल्यापासून."

त्या बाईनं मायेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं," ती म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट, घरच्यांचा पटकन विश्वास नाही बसत." आणि पुढे बसायला जागा मिळते का बघायला घाईघाईनं आत गेली.